फ्लॉरेन्सचा कौल

डावी पाकळी पडली.

“व्हेनिस नाय,” गंगाराम गुरव गाभाऱ्यातून म्हणाला आणि त्याने पडलेली पाकळी उचलून ताम्हनात टाकली. रोम त्याआधीच गेलं होतं.

गौरजाने झोपलेल्या सृष्टीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. दोन वर्षांची पोर, पण झोपली की दगडासारखी जड. तिच्या लाळेने ब्लाउज खांद्याशी ओला झाला होता. आता एकच शहर उरलं होतं.

गणपतीपासून ती इटलीत बघायची शहरं निवडत होती. दुपारी पोर झोपली की फोन घेऊन बसायची. सिएना घेतलं, सोडलं. पादुआ घेतलं, सोडलं. नवरा, विराज, दुकानातून जेवायला आला की हसायचा. “काय गो, आंबे निवडतंस काय? वास घेवन, दाबून?” शेवटी तीन ठरली. रोम, कारण सुरुवात तिथूनच. व्हेनिस, कारण पाण्यात घरं बांधणारी माणसं बघायची होती. आणि फ्लॉरेन्स. शाळेत ती इतिहास शिकवायची. प्रबोधनयुगाच्या धड्यात तिथल्या घुमटाचा फोटो होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा, काळपट छापलेला. दर वर्षी एक तरी पोर विचारायचंच, “बाई, ह्या तुमी बघितलास?” दर वर्षी ती “नाय रे” म्हणायची आणि पान उलटायची.

सासूने, सुगंधाने, सगळं मुकाट ऐकून घेतलं होतं. मग कोकमाची सोलं निवडता निवडता म्हणाली होती, “पोराक मी बघतंय, तेचा काय नाय. पण देवाक इचारल्याशिवाय ह्या घरातसून लांब कोण गेलेला नाय. तिनांचोय कौल घेवया. एक जरी उजवो पडलो तरी जावा.”

तिन्ही डावे पडले तर काय, ते कोणी बोललं नाही. विराज “आये म्हणता तसा” म्हणून मोकळा झाला. गौरजानेही मान डोलावली. सासूने पोर सांभाळली नाही तर इटली काय, कुडाळसुद्धा लांबच.

मनातलं शहर तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. दोन शहरांना हो म्हणून झाल्यावर देव तिसऱ्याला कशाला नाही म्हणेल? आता स्वतःच्याच त्या शहाणपणाचा तिला राग येत होता.

गंगारामाने तगरीच्या दोन ताज्या पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि रवळनाथाच्या काळ्या पाषाणावर लावल्या. एक उजव्या खांद्याशी, एक डाव्या. उजवी आधी पडली तर देव राजी. डावी पडली तर नाही.

“नाव काय म्हणालंस गो?”

“फ्लॉरेन्स.”

“देवाक कळात मा? आमचो देव घाट चढान कधी गेलेलो नाय.”

गंगारामाने हात जोडले आणि आवाज चढवला.

“बा देवा रवळनाथा, ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत. हेंका परमुलखात, फ्लॉरेन्स म्हणान शहर आसा, थय जावचा आसा. तुझी राजी असात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” विराज आणि सुगंधा म्हणाली.

गाभाऱ्यात समई तेवढी हलत होती. पाकळ्या जागच्या जागी. विराज पायाखालच्या फरशीकडे बघत राहिला. गौरजाने उजव्या पाकळीवर नजर रोखली. पड गो. पड.

ती चिकटूनच होती. डावीची कड मात्र सुटायला लागली. आधी टोक वळलं. मग अर्धी पाकळी दगडापासून वेगळी झाली आणि लोंबत राहिली. गौरजाने डोळे मिटले आणि पोरीला घट्ट धरलं.

“गंगाराम, थांब.”

सुगंधा गाभाऱ्याच्या चौकटीला टेकून उभी होती. देवासमोर जिने कधी मान वर केली नव्हती, ती सरळ पाषाणाकडे बघत होती.

“माझा गाऱ्हाणा मी मागे घेतलंय. दोनय पाकळ्यो काढ.”

“वयनी, खुळावलंस काय?” गंगाराम वळला. “देवाक इचारून मागे घेतत? दोष लागात.”

“लागलो तर माका लागांदे. काढ म्हणतंय ना?”

“आये...” विराज पुढे झाला.

“तू गप रव. इतके दिस गप होतंस, आणखी वायच रव.”

गंगारामाने तांब्या उचलून पाषाणावर पाणी ओतलं. दोन्ही पाकळ्या एकदमच वाहून गेल्या.

देवळाच्या पायरीवर सुगंधाने हात पुढे केले. गौरजाने पोर तिच्याकडे दिली. सृष्टी झोपेतच आजीच्या मानेला बिलगली.

“आई,” गौरजाने विचारलं, “असा कित्याक केलास?”

“माझी सासू माका घेवन हयच इल्ली. नवी नवरी होतंय मी. तेव्हाय असोच कौल लावलेलो, माझ्यासाठी. डावो पडलो.” तिने पोरीच्या पाठीवर हात फिरवला. “देवाक सगळ्यांनी इचारल्यानी. माका कोणी नाय.”

“तुमका खंय जावचा होता?”

सुगंधाने पदराने पोरीचं तोंड पुसलं. इतकी वर्षं कोणाला न सांगितलेलं ती हळूच बोलली, पोर जागी होईल म्हणून असेल.

“नर्सचा शिकूक. लांब नाय गो, वेंगुर्ल्याक.”