मागची फळी

"यावर तुझं नाव कोर," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "चांगलं ठसठशीत कोर. कोणी बनवलं ते माह्या नातवांले कळलं पाह्यजे."

नूतनला आधी खरंच वाटेना. देवघर तयार होतं, फक्त मागची फळी ठोकायची राहिली होती. आलापल्लीच्या सागवानाची ती फळी मशीनच्या टेबलावर आडवी पडली होती. तिनं हरिदासभाऊंकडे पाहिलं. आरमोरीच्या रस्त्यावरचं हे वर्कशॉप त्यांचं, आणि कॉम्प्युटरवर चालणारी कोरीव कामाची ही मशीनही त्यांचीच. भाऊ हसले.

"कोर न मंग. बाई स्वतः म्हणून राह्यल्या त लाजाचं कायले?"

गेला महिनाभर बाई दर आठवड्याला गावाहून बसनं येत होत्या. नवरा जाताना म्हणाला होता, देव उघड्यावर ठेवू नको. म्हणून हे देवघर. स्टूल ओढून त्या नूतनच्या शेजारी बसायच्या आणि धानाच्या, सुनांच्या, मेलेल्या नवऱ्याच्या गोष्टी सांगत राहायच्या. मशीन वेली कापून द्यायची, मोर कापून द्यायची. पण तिची बीट, म्हणजे कापणारं पातं, गोल फिरणारी. आतला कोपरा तिला टोकदार साधत नाही, तिथं गोलाई राहतेच. देवघराच्या जाळीतला प्रत्येक कोपरा नूतननं पटाशीनं काढला होता. मागच्या आठवड्यात पटाशी घसरून अंगठ्यात शिरली, तेव्हा रक्त थांबेपर्यंत बाईंनी तो अंगठा आपल्या मुठीत धरून ठेवला होता.

"गुरुवारी देव बसवाचे हाय," त्या म्हणाल्या होत्या. "सकाळूनच येजो. माह्या संगं जेवजो."

घरी नूतननं हे सांगितलं तेव्हा आईनं पेटीतली हिरवी साडी काढून उन्हात टाकली होती.

नूतननं कॉम्प्युटरवर नाव टाकलं. बीट खाली आली. सागाचा पिवळा भुसा उडू लागला. एकेक अक्षर फळीत उतरू लागलं, आणि बाई डोळ्यांशी चष्मा धरून मोठ्यानं वाचू लागल्या.

"नूतन... बापूराव... वा! बाप काय करते व?"

"गेले बाई. मास्तर होते."

"रा... म... टे..."

बाई थांबल्या. मशीन थांबली नाही. तिनं 'के' पण कोरून टाकला.

"बंद कर," बाई म्हणाल्या.

काही चुकलं असेल असं वाटून नूतननं घाईनं मशीन बंद केली. नाव बरोबर होतं. पण बाई देवघरापासून दोन पावलं मागं सरकल्या होत्या.

"रामटेके हाय तू?"

"हो बाई."

या भागात एवढं पुरतं. रामटेके म्हणजे बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली त्याला आता किती वर्षं झाली, पण गावं जुनीच जात लक्षात ठेवतात. महिनाभरात बाईंनी आडनाव विचारलं नव्हतं, आणि नूतननंही सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"भाऊ," बाई हरिदासभाऊंना म्हणाल्या. "गुरुवारी सारं गाव जेवाले हाय माह्या घरी. आता देव कशात बसवू मी?"

हरिदासभाऊंनी दोन वर्षं नूतनच्या डब्यातलं खाल्लं होतं. आज दुपारीही तिच्या आईनं केलेली वांग्याची भाजी त्यांनी बोटं चाटत संपवली होती. त्यांनी देवघराकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"तुम्ही कायले जीवाले लावून घेता बाई? मशीनचं काम हाय हे. पोरीनं फक्त बटन दाबलं. लाकडाले हातच नाई लागला तिचा."

नूतनच्या अंगठ्यावर अजून पट्टी होती. बाईंची नजर त्या पट्टीवर गेली आणि तिथंच राहिली. नूतन वाट पाहत उभी राहिली. भाऊंचं राहू दे, धंदा आहे त्यांचा. पण बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हो का बेटा?" बाईंनी विचारलं. आवाज तोच होता, महिनाभराचा. नवऱ्याची आठवण सांगताना निघायचा तसा मऊ.

तेव्हा नूतनला कळलं की बाई विचारत नाहीत. त्या मागत आहेत.

"हो बाई," ती म्हणाली. "मी फक्त बटन दाबलं."

बाईंनी मोठा श्वास सोडला. पुढं येऊन त्यांनी जाळीच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं.

"तरीच. मले वाटलंच होतं, इतकं साफ काम हातानं होतच नाई."

फळी तेवढी बदलायची ठरलं. नाव भाऊंचं टाकायचं ठरलं. गुरुवारचं कोणी काही बोललं नाही. नूतननं आपल्या नावाची फळी सोडवून भिंतीला टेकवली. दुसरी फळी टेबलावर चढवून घट्ट कसली. कॉम्प्युटरवर हरिदासभाऊंचं पूर्ण नाव टाकलं, वेलांटी-उकार तपासले, बीट फळीच्या वरच्या कडेला आणून ठेवली. मग तिचा हात बटनांकडे गेला.

"तू नको, बेटा," बाई म्हणाल्या. "भाऊंले दाबू दे."

नूतन बाजूला झाली. हरिदासभाऊ पुढं आले. मशीन आणल्यापासून त्यांनी ती एकदाही चालवली नव्हती. त्यांचं बोट बटनांवरून फिरलं आणि मध्येच थांबलं.

"कोणतं व?" त्यांनी तिच्याकडे न पाहता हळूच विचारलं.

"हिरवं," नूतन म्हणाली.