चित्रातलं घर

रस्तारुंदीकरणात आमची गोदाकाठची वस्ती जाणार, म्हणून चित्रकार तेजल आठवण म्हणून, मुंबईतल्या प्रदर्शनासाठी घरांची चित्रं काढायला आली. "भिंती आहेत तशाच राहू द्या हं, मावशी," तिनं बजावलं.

शकुबाई ऐकते कुठली! "जय भीम, ताई. मुंबईचे पाहुणे बघणार, अन् माझी भिंत अशी कळकट? लय बरं दिसंल!" दोन दिवसांत घर निळंशार. चित्र देखणं झालं. प्रदर्शनाच्या पत्रिकेवर तेच छापलं.

परवा नव्या घरांच्या यादीसाठी साहेब आले. "जुन्या सर्वेक्षणाचा नंबर भिंतीवर लिहिलाय ना, तो दाखवा. ज्याचा नंबर, त्यालाच घर."

शकुबाई उलथनं घेऊन भिंत खरवडायला बसली.


रंग निघाला, आणि त्याच्या पापुद्र्यांसोबत नंबरही.