नंदीबैलाचं पान

परिसर अभ्यासाच्या तासाला बाईंनी चित्रांचं पुस्तक वर्गाकडे वळवून धरलं आणि रेणुका पुढच्या मुलीच्या पाठीआड सरकली. पहिल्याच पानावर झुलीतला नंदीबैल होता आणि गुबुगुबु वाजवणारा मालक. तिने वर्गात सांगितलं होतं, आमचे पप्पा ट्रक चालवतात.

दुसऱ्या पानावर लोक बैलाला विचारत होते, लग्न जमेल का, आणि तो मान डोलवत होता. "गुबुगुबु!" मागच्या बाकावरून हर्षल ओरडला. सगळे खिदळले. रेणुकाही हसली, जरा जास्तच मोठ्याने.

पान उलटण्याआधी बाईंनी विचारलं, "त्याला मान हलवायला कसं शिकवलं असेल?"

"मारून मारून, बाई! उपाशी ठेवतात ते लोक." हर्षलच बोलला.

"खोटं!" रेणुका उभी राहिली. "आमच्या सोन्याला पप्पांनी कधी काठी लावली नाही!"

'आमच्या' हा शब्द आता गिळता येणार नव्हता. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती पायाच्या अंगठ्याकडे.

मागून हर्षलचा आवाज आला, एकदम बारीक. "सोन्याला विचारशील का, मी गणितात पास होईन?"

रेणुका वळली. त्याच्याकडे बघत तिने सोन्यासारखीच सावकाश मान हलवली. आडवी.