पुंजारामांचा बाक

उपदेश संपत आला तसा सत्यभामाबाईंचा जीव खालीवर व्हायला लागला. उपदेशानंतर त्यांची साक्ष होती. सहा महिने जर्मनीत मुलाकडे राहून आलेल्या बाईंनी विश्वासात तिकडून काय मिळवून आणलं, हे आज साऱ्या मंडळीला ऐकायचं होतं. पाळकसाहेबांनी दोन रविवार आधीपासून तशी दवंडीच पिटली होती.

बाईंचं लक्ष मात्र दाराकडे. परत आल्यापासून दर रविवारी त्यांची मान अशीच मागं वळत होती. गेल्या इस्टरला लासूर स्टेशनहून एक बाई लेकरू घेऊन आली होती आणि न कळून बायकांच्या बाजूच्या दुसऱ्या बाकावर टेकली होती. तो बाक सत्यभामाबाईंच्या सासऱ्यांच्या आठवणीत चर्चला दिलेला. पाठीवर पांढऱ्या रंगात ‘कै. पुंजाराम साळवे’ असं नाव. बाईंनी त्या नावावर बोट ठेवून तिला उठवलं होतं. ती लेकराला कडेवर घेऊन दारातल्या चपलांपाशी उभी राहिली आणि पुन्हा कधी दिसली नाही.

तेव्हा बाईंना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आपला बाक तो आपला, त्यात कसली आलीय भीडभाड.

मग जर्मनी. तिथं मुलगा आणि सून रविवारी उशिरापर्यंत झोपायचे, म्हणून बाई एकट्याच गावातल्या चर्चला गेल्या आणि एका रिकाम्या बाकावर बसल्या. थोड्या वेळानं एक म्हातारी काठी टेकत आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. ती नजर बाईंनी लगेच ओळखली. तीस वर्षं ती त्यांची स्वतःचीच होती. बाई लगबगीनं उठायला गेल्या, तर म्हातारीनं खांदा दाबून त्यांना खाली बसवलं, स्वतः शेजारी बसली, गाण्याचं पुस्तक दोघींच्या मधे धरलं आणि ओळीखालून बोट फिरवायला लागली. बाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण बोट थांबलं की गाणं थांबतं, एवढं कळत होतं. पुढं दर रविवारी हेच. आणि दर रविवारी बाईंना चपलांपाशी आईच्या कडेवर असलेलं ते लेकरू आठवायचं.

आता हे मंडळीपुढं सांगायचं कसं? सांगायचं तर लासूरची बाईही सांगावी लागणार, आणि तो प्रकार अर्ध्या चर्चनं डोळ्यांनी पाहिलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. बाई पुढं गेल्या, पदर सारखा केला आणि बर्फाचं सांगायला लागल्या. तिकडचे रस्ते, वेळेवर येणारी बस, दगडासारखा पाव. माणसं हसली. मग तरुण संघाचा सुदर्शन उभा राहिला आणि त्यानं नको तेच विचारलं.

“ते समदं ठीक हाय, मावशी. पण इतक्या लांब जाऊन विश्वासात काय वाढ झाली?”

बाईंनी तोंड उघडलं. एक बाई होती, असं सांगायला त्यांनी सुरुवातही केली. मग समोरचे चेहरे पाहून ते तिथंच सोडलं. प्रभू तिकडंही आहे, एवढं बोलून त्या खाली उतरल्या. मागून एक-दोन आमेन आले, तेही मिळमिळीत. बाईंना स्वतःची लाज वाटली.

त्या जागेवर आल्या तर जागेवर कुणीतरी बसलेलं.

विशी-बाविशीची पोरगी, तोंडओळखसुद्धा नसलेली. वाळूजच्या कंपनीत परप्रांतातून कामाला आलेल्यांपैकी कुणाची तरी बायको असावी. उशिरा आली आणि रिकामी जागा दिसली तिथं बसली. शेजारची गोजरबाई तिला कोपरानं ढोसत होती.

“ऊठ गं, ऊठ. ती जागा बाईंची हाय.”

पेटीवर गाण्याचा सूर लागला होता, पण गायला कुणी सुरुवात करेना. सगळ्यांचे डोळे त्या बाकाकडे. पोरीनं वर पाहिलं आणि ती घाबरून उठायला लागली.

सवय वाईट. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेलीच. हात आपोआप बाकाच्या पाठीवरच्या नावाकडे निघाला आणि वाटेत पोरीच्या खांद्याशी थबकला. बाईंनी तो दाबून तिला खाली बसवलं.

“गोजरबाई, सरका जरा,” त्या म्हणाल्या.

गोजरबाई सरकल्या. बाई पोरीच्या शेजारी बसल्या आणि पुस्तक उघडून दोघींच्या मधे धरलं. कुणीतरी गाणं उचललं, मग सगळ्यांनीच. बाई ओळीखालून बोट फिरवायला लागल्या.

पोरगी कानाशी येऊन कुजबुजली, “हमको मराठी नहीं आता, मौसी.”

“मेरेकू बी उधर कहाँ आता था,” बाई म्हणाल्या. “बोट देख फक्त.”

दुसरं कडवं चालू असताना त्यांनी पुन्हा एकदा मागं वळून दारापाशी पाहिलं. तिथं नुसत्या चपला होत्या. बाईंनी अंग आणखी चोरून घेतलं आणि बाकाच्या टोकाला अजून एकीपुरती जागा केली.