जेवून गेला

"केस धरले आणि वार झाला, यात मधे किती वेळ गेला, मावशी?" पद्मजाने विचारलं. "तेवढंच नीट आठवून सांगा."

आपट्याहून सकाळच्या एसटीने जनी पनवेलला आली होती आणि कोर्टासमोरच्या त्या एवढ्याशा ऑफिसात खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. भांगाच्या डाव्या अंगाला रुपयाएवढी जागा अजून उघडी दिसत होती. तिथले केस शेताच्या बांधावरल्या भांडणात तिच्या पुतण्याच्या, कल्पेशच्या मुठीत गेले होते. कल्पेश आता राहिला नव्हता, आणि त्याच्या खुनाच्या आरोपावरून जनीचा मुलगा महादेव तुरुंगात होता.

पद्मजाची वकिली वीस वर्षांची, सगळी फौजदारी. आरोपपत्र हाती आल्यावर तिने नेहमीच्या वाटा चाचपून पाहिल्या होत्या. महादेव तिथं नव्हताच म्हणावं, तर सात जणांनी पाहिलेलं. जीव वाचवायला हात उचलला म्हणावं, तर कल्पेश बांधावर ओणवा होऊन कुंपणाचा खांब ठोकत होता आणि कोयत्याचा घाव मागून, मानेवर. डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणावं, तर पोरगा कंटेनर यार्डात क्रेन चालवणारा, वर्षात एक खाडा नाही. सगळीकडे बोंब. मग परवा तुरुंगात महादेव एकदाच बोलला, "त्यानं आयचं केस धरलं," आणि पुन्हा गप्प झाला. पोलिसांच्या कागदात यातलं अक्षर नव्हतं. साती साक्षीदार कल्पेशची माणसं, ती कशाला सांगतील? परत येताना पद्मजा रिक्षात एकटीच चक्क हसली होती.

म्हणून आज तिने जनीला बोलावून घेतलं आणि लहान पोरीला समजवावं तसं समजावलं. माणूस मेला तरी सगळं एकाच मापाने मोजत नाहीत. ठरवून मारलं तर खून, आणि त्याला जन्मठेप. पण डोळ्यांदेखत आईला केसाला धरून फरफटवलं, पोराचं डोकं फिरलं, तिथल्या तिथं हाताला लागलं ते त्याने उचललं, तर कायद्याच्या लेखी तो मनुष्यवध, खून नव्हे. शिक्षा होईल, पण पोरगा म्हातारा व्हायच्या आत घरी येईल. फक्त मधे वेळ जायला नको. राग निवायला सवड मिळाली की संपलं.

"लय येळ नाय गेला," जनी आठवत म्हणाली.

पद्मजाने पेन उचललं. दोन मिनिटं म्हणू? की पाच?

"जेवून गेला."

आपल्याच कानांचा दोष असेल, असं पद्मजाला वाटलं. जनी मात्र आता मोकळी झाली होती. तिने सगळं सांगितलं. बांधावरून मायलेकरं घरी आली. पोराच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. तिने चूल पेटवली, तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या, सुकटीचं कालवण केलं. महादेव ताटावर बसून नुसता रडत होता, जाऊ दे आये, आपण पोलिसात जाऊ, म्हणत होता. तिने त्याला गप्प केलं आणि पोटभर वाढलं. तीन भाकऱ्या खाल्ल्या त्याने.

म्हणजे तास तरी गेला. पद्मजाने पेन खाली ठेवलं. मावशी, तुम्हाला साक्षीला उभं करता येणार नाही, असं ती कशीबशी म्हणाली, तर जनीला रागच आला. का म्हणून? चारचौघांना कळलं पाहिजे.

"पोराला उपाशी नाय धाडला मी," ती म्हणाली.

आता एकच धागा उरला होता. बांधावर खांब पुरणारी माणसं होती, म्हणजे तिथं हत्यारं पडलेली असणार. कोर्टात भांडायला तेवढं तरी हाती राहील. विचारू नये, असं आतून कोणीतरी सांगत असताना पद्मजाने विचारलंच, "कोयता तिथलाच होता ना, मावशी? की महादेवने घरातून शोधून नेला?"

जनी सकाळपासून पहिल्यांदा हसली. घराघरातल्या आया पोरांबद्दल बोलताना हसतात, तशीच.

"तो काय शोधतोय! समोरची चप्पल दिसत नाय त्याला. एवढा घोडा झाला, तरी सगलं हातात द्यावं लागतं."

आणि तिने दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा पुन्हा घट्ट बांधला.