दूध आटवायचा मोगरा

उजवीकडे दोन, डावीकडे एक. सोनोग्राफीच्या पडद्यावर तीन काळसर लंबगोल ठिपके. सर्वांत मोठा चौदा मिलिमीटरचा.

"छातीतल्या गाठी अजिबात वाढल्या नाहीत," कराडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "कडा गुळगुळीत आहेत, बोटाखाली सरकतात. फायब्रोअॅडिनोमा. तुझ्या वयात खूप जणींना असतात. कॅन्सर नाही हा."

संयोगिताने अंगावरची जेली पुसली. मग तीन महिने मनात असलेला प्रश्न विचारला. "मग आता बाळाला पाजलं तर चालंल?"

मॅडमनी मशीनवरून मान वळवली. "म्हणजे बंद केलंस? मागच्या वेळी तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं की, खुशाल पाजू दे. तू पडद्याआड कपडे नीट करत होतीस."

त्या दिवशी वीरधवल केबिनमधून खाली मान घालून बाहेर आला होता. मॅडमनी अंगावर पाजायचं बंद करायला सांगितलंय, एवढंच बोलला होता. बाळ तेव्हा दोन महिन्यांचं होतं. कडेगावला परतल्यावर सासूबाईंनी दूध आटावं म्हणून तिच्या छातीवर मोगऱ्याची फुलं बांधली. आठवडाभर, रोज ताजी. वीरधवलच आणायचा. छाती दगडासारखी होऊन ताप चढला, तेव्हा तो कामावर न जाता उशाशी बसून राहिला. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं ती आईला फोनवर म्हणाली होती.

बाहेर बाकावर तो बाळाला बाटलीने दूध पाजत होता.

"आवं, मॅडम काय म्हणल्या हुत्या तुमाला?"

तो बाटलीकडेच बघत राहिला. "आई म्हणली, गाठीतला पू दुधात उतरंल. म्हटलं, इषाची परीक्षा पोरावर कशाला."

"आन मला का न्हाई सांगितलं?"

"तू पाजलंच असतंस, संयू."

स्टँडवर कडेगावची एसटी लागायची होती. ती बाळाला घेऊन हिरकणी कक्षात शिरली आणि आतून कडी लावली. बाळाने तोंड लावलं, थोडं ओढलं आणि तोंड फिरवून रडायला लागलं. तिने दुसऱ्या बाजूला घेतलं. तीही त्याने सोडली. मग तिने बाटलीचं टोपण छातीखाली धरलं आणि दोन्ही बाजू दाबून दाबून पाहिल्या.

गाडी लागल्याची हाक वीरधवलने बाहेरून दिली, तेव्हा टोपणात चार थेंब होते.