जोडावरची चांदी

तुमसरात ताराचंदचं लाउडस्पीकरचे भोंगे भाड्याने द्यायचं दुकान राइस मिलला लागूनच होतं. मिल सुरू झाली, की भोंगा घुरघुरायचा. मिलच्या मोटरचा हा आवाज माइकच्या वायरीत शिरतो तो प्लगच्या जोडातल्या फटीतून, हे त्याला शेवटी उमगलं. लग्नसराई तोंडावर होती. त्या दुपारी त्याने चहाच्या पेटीतली चांदी, म्हणजे चंदेरी कागद, जोडाभोवती घट्ट गुंडाळली आणि तिला अर्थिंग दिलं.

घुरघुर थांबली. त्या शांततेत भोंग्यातून एक बाई हळूच म्हणाली, "ताराचंद."

माइकसमोर कोणीच नव्हतं. डबा घेऊन आलेली त्याची बायको, ललिता, दारातच थबकली.

"ओ देऊ नोका. मानूस दिसल्याबिगर ओ देत नाहीत."

"रेडिओवरचं नाटक घुसून राहिलं असन," तो हसला. फट राहिली असेल म्हणून त्याने चांदीचा आणखी एक थर चढवला.

"ताराचंद." आवाज आता स्वच्छ होता, कानाशी आल्यासारखा.

त्याने प्लग उपटून जमिनीवर टाकला.

"ताराचंद."

सवयीने ओ ओठांवर आलीच. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि ललिताकडे पाहिलं.

भोंग्यातून त्याच्याच आवाजात उत्तर गेलं, "ओ. आलो."